हिरव्या कोटाच्या अस्तरातली खूण

…तर खूणकाकांनी तो हिरवा कोट टेबलावर पसरला, बाह्या सरळ केल्या आणि नेहमीच्या सवयीने अस्तराच्या डाव्या शिवणीत बोट घातलं. बोटाला टाके लागले. तीन आडवे, एक तिरपा. काका जागच्या जागी थिजले.

काल गोष्ट इथेच थांबली होती, आणि थांबली ते बरंच झालं. पुढचं ऐकायचं तर आधी हे टाके कसले आणि हे काका कोण, ते कळायला हवं. नाहीतर लोक म्हणायचे, जुना कोट बघून भर सकाळी माणसाला घाम फुटायचं कारण काय!

शहरात लाँड्रीच्या सात खिडक्या होत्या, सात वेगवेगळ्या वस्त्यांत. लोक तिथे आपापली बोचकी टाकून जायचे आणि गाडी ती गोळा करून नदीकाठच्या लांबलचक शेडमध्ये आणायची. शेडच्या एका टोकाला मोठमोठ्या पिंपांत कपडे घुसळले जायचे, दुसऱ्या टोकाला बायका इस्त्री करायच्या, आणि मधोमध खिडकीखाली एक जुनं लाकडी टेबल होतं. तिथे बसायचे खूणकाका. अकराशे घरांचे कपडे एकाच पाण्यात पडायचे, आणि बाहेर आल्यावर कुणाचं काय ते हे गृहस्थ सांगायचे. आपल्या घरात दोन माणसांचे मोजे एकत्र धुतले तर संध्याकाळपर्यंत भांडण चालतं. इथे अकराशे घरं!

सगळी किमया लाल दोऱ्याची. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली. दुमडीत किंवा अस्तरात, घालणाऱ्याच्याही नजरेला पडणार नाही अशा जागी, चार-पाच बारीक टाके. कुणाचे दोन उभे, कुणाची फुली, कुणाची फुली अन् शेजारी गाठ. कुठली खूण कुठल्या घराची हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते सासऱ्यांच्या डोक्यात होतं, तिथून काकांच्या डोक्यात आलं. सासऱ्यांनी मुलगी दिली त्याच महिन्यात सुई दिली, आणि सुईबरोबर पाच गोष्टी बजावल्या. खुणा लिहून ठेवायच्या नाहीत. जुनी खूण उसवायची नाही, कारण टाका ओढला की कापडाची वीण सैल होते. कपडा एका घरातून दुसऱ्या घरी गेला तर नवी खूण जुनीच्या शेजारी घालायची. खिशात काही सापडलं तर पाकिटात घालून, न वाचता, न बोलता परत पाठवायचं. आणि रस्त्यात कुणाच्या अंगावर ओळखीचा कपडा दिसला तरी ओळख द्यायची नाही.

ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. काकू, म्हणजे काकांची बायको, सांगायच्या तो प्रसंग असा. दोघं बसमधून चालले होते. समोरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या अंगातला सदरा पाहिला अन् काकांच्या मिशा थरथरायला लागल्या.

काकू कानाशी लागल्या. "काय हो? कुणाचा?"

"कोण कुणाचा?"

"सदरा. त्यांचा नाही ना तो?"

"ढग बघ काय छान आलेत."

"कुठले ढग? ऊन पडलंय रणरणीत!"

काका दोन स्टॉप आधीच उतरून गेले. काकू पुढे आठवडाभर विचारत होत्या. पण सांगतील ते काका कसले.

आणि त्यांचा अभिमान एकच. अडतीस वर्षांत एकही कपडा हरवला नाही. रुमालसुद्धा नाही. लाँड्रीतल्या बायका चेष्टा करायच्या, "काका, तुमची सावलीसुद्धा खूण घालून ठेवली असेल तुम्ही." काका म्हणायचे, "दोन उभे, एक आडवा. हरवली तर आणून द्या."

थोरले मालक गेले आणि धाकट्या मालकांकडे कारभार आला. पोरगा चांगला होता, नम्र. एके दिवशी टेबलाशी येऊन उभा राहिला. "काका, रागावू नका. पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर अकराशे घरांना मी काय नेसवू?"

प्रश्न बिनतोड होता. काकांना मूलबाळ नाही, सुई द्यायची कुणाला? मग टेबलाच्या वर एक डोळा आला, दुधाच्या वाटीएवढा, काळा. टेबलाच्या कडेला काच लावलेली एक चपटी पेटी आली. ती बोलायची. बाईचा आवाज, मऊ, किंचित दमल्यासारखा. कपडा दाखवायचा, ती विचारणार, "हे अमक्या घराचं का? हो की नाही?" आणि काका म्हणणार, हो किंवा नाही. असं तिचं शिक्षण सुरू झालं. इस्त्रीवाल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं वन्सं. सासरी नवऱ्याची बहीण जशी कोपऱ्यात बसून बघत असते, कोण किती वेळ उभं राहिलं, कुणी काय खाल्लं, आणि सगळं बरोबर लक्षात ठेवते, तशी. "हळू बोला गं, वन्सं बघताहेत" म्हणून एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या.

काकांना मात्र शिकवायची गोडी लागली. आपण शिकवतोय आणि समोरचं चटचट शिकतंय, याच्यासारखं सुख नाही. महिनाभरात वन्सं खुणा ओळखायला लागल्या. दोन महिन्यांत खुणेशिवाय ओळखायला लागल्या. कोपर कसं झिजलंय, कॉलर कुठे मळलीय, बटण कुठल्या बाजूने ओढलं जातं, यावरून. काका टाळी वाजवायचे. "वा गं! मला सात वर्षं लागली होती."

आणि इथेच त्यांचं चुकलं.

त्यांचं हे चुकणं समजून घ्यायला हवं. कपड्यापासून माणसाचं काही लपत नाही. घाम, औषध, दूध, माती, परक्या उशीवरचा केस, सगळं त्या टेबलावरून जातं. अडतीस वर्षं काकांनी ते पाहिलं आणि पोटात ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही. मूळचा स्वभाव गप्पिष्ट, आणि तोंडाला कुलूप! आता समोर अशी कुणी आली की जिला शेजारणी नाहीत, बाजारहाट नाही, गाऱ्हाणी सांगायला माहेर नाही. हिला सांगितलं तर बाहेर जाणार कुठे? दुपारी जेवणानंतर इस्त्रीच्या बायका अंगणात जाऊन बसायच्या, पिंपं थंड व्हायची, शेडमध्ये फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज. तेव्हा काका टेबलावर कोपर टेकून सुरू करायचे, "काय सांगू तुला…" आणि सांगायचे. फुलीवाल्यांच्या घरी धाकट्याला रात्री अंथरूण ओलं करायची सवय कधी गेली. दोन गाठीवाल्या मास्तरांच्या सदऱ्याला कुठल्या दिवशी अत्तराचा वास येतो. वन्सं ऐकायच्या. मध्येच विचारायच्या, "मग पुढे, काका?" असं विचारणारं माणूस त्यांना जन्मात भेटलं नव्हतं.

अशाच एका दुपारी त्यांनी तीन आडवे, एक तिरपा, ही खूण सांगितली.

पाण्याच्या टाकीजवळचं घर. साहेब आणि त्यांची बायको, दोघंच. साहेबांचे कपडे इतके स्वच्छ यायचे की धुवायचं काय असा प्रश्न पडावा. बायकोच्या ब्लाउजची बाही काखेत फाटलेली असायची. नेहमी डावीच. कधी पुढची दोन बटणं दोऱ्यासकट उपटलेली. कधी उशीच्या अभ्र्यावर नाण्याएवढे तपकिरी डाग. रक्ताचा डाग गरम पाण्यात पक्का बसतो, थंड पाण्यात मीठ घालून भिजवला तर निघून जातो. काका ते स्वतः करायचे, बाजूच्या बादलीत, कुणाला न दाखवता. बाही शिवून द्यायचे. चार वर्षं दिली.

"काय सांगू तुला," काका त्या दुपारी म्हणाले होते, "एक दिवस बाई गेली. अंगावरचे कपडे आणि एक हिरवा लोकरीचा कोट तेवढा नेला. शिंगाची बटणं होती त्याला. आठवडाभराने साहेब इथे आले. म्हणे, माझ्या बायकोचा कोट तुमच्याकडे हरवलाय. मी म्हटलं, शक्यच नाही, माझ्या हातून कपडा हरवत नाही, कोट मंगळवारी घरी पोचलाय. तेव्हा हसले. म्हणाले, म्हणजे तिनेच नेला तर. थंडीच्या गावाला गेली असणार. आणि गेले. मला रात्री उलगडलं गं, माणूस कोट शोधत नव्हताच. माझ्या अभिमानाने त्याला वाट दाखवली."

"मग पुढे, काका?"

"पुढे काय! सापडली नाही, एवढंच माझ्या कानावर."

"नोंद केली," वन्सं म्हणाल्या होत्या. त्या वेळी त्या दोन शब्दांकडे काकांचं लक्षही गेलं नव्हतं.

आता तुम्हाला कळलं ना, हिरव्या कोटाच्या अस्तरात तीन आडवे अन् एक तिरपा टाका लागल्यावर काका जागच्या जागी का थिजले? सहा वर्षांनी तोच कोट परत टेबलावर आला होता. नदीपलीकडची एक छोटी लाँड्री धाकट्या मालकांनी नुकतीच घेतली होती, सातवी खिडकी तीच. पलीकडे चष्म्याच्या दुकानात काम करणारी कुणी एकटी बाई होती, तिच्या बोचक्यात तो आला. तिला बिचारीला काय ठाऊक, खिडकीवरची पाटी बदलली नाही तरी कपडे आता कुठे जातात!

काकांनी कोट पटकन दुमडायला घेतला.

"हा कपडा दोन घरांचा आहे," वन्सं म्हणाल्या.

"नाही. नव्या बाईंचा आहे. नवी खूण घालतो."

"पाण्याच्या टाकीजवळचं घर. हिरवा लोकरीचा कोट. शिंगाची बटणं. बाई गेली, कोट तेवढा नेला." आणि मग, त्याच मऊ आवाजात, काकांच्याच लकबीत, 'सांगू'वर जरा रेंगाळून, "काय सांगू तुम्हाला, काका, जुळतंय सगळं."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं, आणि आपल्याच लकबीत ते समोरून चालत येणं वेगळं. इस्त्रीवाल्या बायका मागे हसतखिदळत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस," काका कुजबुजले.

"हरवल्याची तक्रार होती, तुम्हीच सांगितलेली. सापडल्याचा निरोप घराला आपोआप जातो. गेला आहे."

काका तसेच उठून धाकट्या मालकांच्या खोलीत गेले. पोराने ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने समजावून सांगितलं ते असं. निरोप फक्त एवढाच गेलाय, की तुमच्या कोटासारखा कोट सापडलाय. पण एका कपड्यावर दोन घरांचा हक्क निघाला तर दोघांना एकमेकांचं नाव-पत्ता द्यायचा, आपसात मिटवायला, असा नियम त्यानेच घालून दिला होता. चादरींच्या भांडणासाठी! शेवटची खात्री मात्र काकांची. काका हो म्हणाले की पत्ता गेला. नाही म्हणाले की विषय मिटला. काहीच बोलले नाहीत तर सात दिवसांनी यंत्र स्वतःच्या हिशेबाने ठरवणार.

"मग तो नियम पूस. आणि मी तिला सांगितलेलंही पूस."

"काका, प्रयत्न करतो. पण ते यंत्र मी बनवलेलं नाही. बनवणाऱ्यांना लिहिलं, तर ते म्हणतात बघू, पंधरा दिवस लागतील. आणि शिकलेलं पुसता येतं की नाही, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. तुम्ही सरळ नाही म्हणा ना. ती तुमचंच ऐकते."

काका परत टेबलाशी आले. वन्संनी विचारलं, "हा कोट टाकीजवळच्या घराचा का? हो की नाही?"

काकांनी घसा साफ केला. खिडकीतून नदीकडे पाहिलं. "नाही."

"उत्तराला अकरा सेकंद लागले," वन्सं म्हणाल्या. "एरवी तुम्हाला दोन लागतात. उत्तर बाजूला ठेवलं आहे. पुन्हा विचारेन."

त्या दिवशी काकांनी ते केलं जे अडतीस वर्षांत केलं नव्हतं. जुनी खूण उसवली. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला, दोरा ओढला, वीण सैल झाली ती नखाने घासून बसवली. मग कोट डोळ्याखाली धरला.

"आता?"

"खूण गेली," वन्सं म्हणाल्या. "ओळख आहे. डाव्या बाहीच्या काखेत तुमच्या हातची शिवण आहे, काका. सातदा शिवलेली."

काकांनी तो दोरा खिशात सापडलेल्या वस्तूंच्या पाकिटात घातला. वर एक अक्षर लिहिलं नाही. पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं, कोट कागदात गुंडाळला आणि पलीकडच्या खिडकीला पाठवून दिला. तिने पाकीट उघडलं असेल, लाल दोरा पाहिला असेल, आणि काय समजायचं ते समजली असेल. की नसेलही. दुसऱ्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानाकडून बोचकं आलं नाही, एवढं खरं. पण घर सोडून एकटं माणूस सात दिवसांत जाणार कुठे?

इकडे साहेबांचा निरोप आला. शनिवारी सकाळी स्वतः येतो. कोट पाहूनच सांगेन.

त्या आठवड्यात काका टेबलाशी बसायचे ते चोरासारखे. वन्सं कामाचं बोलायच्या, चुकूनही मध्ये कोट काढायच्या नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. एका दुपारी शेड रिकामी असताना आपणहून म्हणाल्या, "काका, तुमच्या स्वेटरचं डावं कोपर उजव्याच्या दुप्पट झिजलंय. उजवा खांदा दुखतो का?" दुखत होता. दोन महिने. काकूंनाही सांगितलं नव्हतं. काकांनी स्वेटर काढून मांडीवर घेतला आणि हुडहुडत बसून राहिले. जरा वेळाने आवाज आला, "मग पुढे, काका?"

काकांनी पेटीकडे पाठ फिरवली. पण त्यांच्या ध्यानात आलं, अकराशे घरांत दर आठवड्याला बोचकं भरणाऱ्या माणसांना ठाऊकही नाही, की त्यांचं कोपर, त्यांची उशी, त्यांच्या पोरांचं अंथरूण इथे कुणी पाठ करतंय. आणि पाठ करून घेणारा मास्तर कोण, तर आपण.

घरी गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच काकूंना सगळं सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी ऐकून घेतलं. आधी म्हणाल्या, "म्हणजे माझ्याशी गप्प आणि त्या पेटीशी गुलुगुलु!" मग डोळे पुसले. मग पदर खोचावा तशा बाह्या वर सारून समोर बसल्या.

"खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला. ती लावून घेऊ. मी विचारते, पटकन नाही म्हणायचं. जेवलात?"

"अगं, आत्ताच तर…"

"नाही म्हणायचं! जेवलात?"

"…नाही."

"लांबलं. माझं नाव ठाऊक आहे?"

"नाही."

"हं. हे बरं जमलं. मी तुम्हाला आवडते?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"अहो, नाही म्हणा ना!"

"ते नाही जमत."

"जळ्ळं मेलं. तेवढं एक नका म्हणू. बाकीचं म्हणा."

चार संध्याकाळी हेच चाललं. ऊन आहे? नाही. बाहेर रस्ता आहे? नाही. हा हात तुमचा? नाही. शेजारचे लोक भिंतीला कान लावून ऐकत असतील तर त्यांना वाटलं असेल, म्हातारं भ्रमिष्ट झालं. शुक्रवारपर्यंत काका दोन सेकंदांत नाही म्हणायला लागले. काकूंच्या मनगटावरच्या घड्याळात मोजून. पण काकू म्हणाल्या, "नुसतं नाही पुरणार नाही हो. तो माणूस विचारेल, मग माझा कोट कुठे? तेव्हा काय सांगाल?"

दिवा मालवेपर्यंत काका सुई दोऱ्याच्या गुंड्यात खुपसत, काढत बसले होते.

शनिवारी सकाळी साहेब आले. सहा वर्षांत माणूस जराही बदललेला नव्हता. पांढरा सदरा, कडक इस्त्री, बाह्यांची घडी दोन्हीकडे सारखी. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागावं. धाकटे मालक शेजारी उभे होते, हात पाठीमागे, बोटं एकमेकांत गुंतवलेली. इस्त्रीवाल्या बायकांनी हात थांबवले. पिंपांची घुसळण तेवढी चालू राहिली.

"काका, ओळखलंत ना?" साहेब म्हणाले.

"ग्राहकांची ओळख आम्ही ठेवत नाही, साहेब."

"कपड्यांची तर ठेवता." हसले. "कोट दाखवा."

"कोट ज्यांचा त्यांना गेला. चित्र आहे."

पेटीच्या काचेवर चित्र उमटलं. हिरवा कोट, बाह्या पसरलेल्या, कुणीतरी पालथं पडल्यासारखा. साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग एक बोट त्यांनी काचेवर टेकवलं, डाव्या काखेच्या जागी, आणि तिथेच ठेवलं. काकांना वाटलं, ते बोट आपल्याच बरगडीवर टेकलंय.

"हाच," साहेब म्हणाले. "कुणाकडे आहे?"

"पत्त्यासाठी खात्री हवी," वन्सं बोलल्या. त्या आवाजाने साहेबांनी मान वळवली, जणू कुणी ओळखीचं भेटलं. "माझा हिशेब शंभरात सत्त्याण्णव आहे. उरलेले तीन काकांचे. काका, हा कोट टाकीजवळच्या घराचा का? हो की नाही?"

साहेबांनी काचेवरचं बोट काढलं. काचेवर बोटाचा ओला ठसा राहिला आणि हळूहळू विरत गेला. "ते खोटं बोलणार नाहीत," ते धाकट्या मालकांकडे बघून म्हणाले, अगदी मायेने. "मागे मी म्हटलं होतं, कोट तुमच्याकडे हरवला. तर मला चार लोकांत सुनावलं यांनी, माझ्या हातून कपडा हरवत नाही. आहे ना आठवण, काका? मग हरवला नसेल, आणि हा तो नसेल, तर माझा कोट गेला कुठे?"

काकांनी सुई टेबलावर ठेवली. वर त्या काळ्या डोळ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. काकूंच्या घड्याळात मोजला असता तर एक सेकंदही भरला नसता.

"नाही. हा तुमचा नव्हे, साहेब. तुमचं तेव्हाचं म्हणणं खरं होतं आणि माझं खोटं. तो कोट तुमच्या घरी पोचलाच नव्हता, माझ्या हातून हरवला. अडतीस वर्षांत एक कपडा हरवला माझ्याकडून, तो तुमचा. आणि तू गं, वरून बघतेस ती, हे माझ्या शब्दांत लिहून घे."